आडू-आलूबुखाऱ्याचा कॉबलर: फळ गरम, पीठ गार

कॉबलर म्हणजे काय ते आधी सांगून टाकते म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. पसरट भांड्यात साखर घातलेल्या फळांच्या फोडी, त्यावर मैदा-बटर-ताकाचं सैलसर पीठ चमच्याने ठिकठिकाणी टाकलेलं, आणि हे सगळं ओव्हनमध्ये, की खाली फळं रस सोडून रटरटतात आणि वरचे गोळे फुगून वरून खरपूस, आतून मऊ होतात. लाटणं नाही, साचा नाही, फेटाफेटी नाही, अंडं तर नाहीच, म्हणजे घरात आजी असो की शेजारी जैन कुटुंब असो, निवांत वाटी भरून देता येतो. पदार्थ अमेरिकेतला, तिकडे जाऊन वसलेल्या इंग्रजांकडे नीट भट्टी नसायची तेव्हा आगीवरच्या जाड भांड्यात फळं शिजवून वर पिठाचे गोळे टाकून झाकण लावायचे, तिथून हा आला. तिकडच्या जॉर्जिया राज्यात, जिथे पीच भरपूर पिकतात, तिथे उन्हाळ्यात घरोघरी होतो. पीच म्हणजे आपला आडू. आणि जूनमध्ये इंदूरला आडू, आलूबुखारा म्हणजे प्लम, चेरी, थोडीफार खुबानी म्हणजे ताजं जर्दाळू, हे सगळं ठेल्यावर मिळतं, लोक अर्धा किलो घेतात, दोन खातात, बाकीचे फ्रीजमध्ये सुकून जातात. त्या फळांचं सोनं करायचं असेल तर हा करा.

आता मुद्द्याचं. नेटवरच्या बऱ्याच रेसिप्या सांगतात की कच्ची फळं भांड्यात घाला, वर पीठ टाका आणि बेक करा. तसा करून पाहिलात तर वरून सुंदर रंग येतो, आणि चमचा घातला की गोळ्याच्या खालची बाजू कच्ची, चिकट, गिच्च. कारण सरळ आहे, कच्ची फळं गार असतात आणि पाणी सोडतात, ते पाणी उकळायला ओव्हनमध्ये वीस-पंचवीस मिनिटं जातात, तोवर वरचं पीठ खालून त्या कोमट पाण्यात नुसतं बसून राहतं आणि वरून मात्र भाजत राहतं. म्हणून माझं सांगणं एकच, फळ आधी गरम करा, बुडबुडे येऊ द्या, आणि मग गारच्या गार पीठ त्यावर टाका, म्हणजे गोळा पडल्या पडल्या खालून वाफेवर शिजायला लागतो आणि वरून भाजायला. आपण बाफले, म्हणजे कणकेचे गोळे, आधी उकडून घेतो आणि मग भाजतो, म्हणून ते आतून कच्चे राहत नाहीत, तसंच समजा. बाकी साखर कमी-जास्त झाली, दालचिनी राहिली, काही बिघडत नाही, हे एक सांभाळा.

फळं घेताना जरा वेळ द्या, अर्धं काम तिथेच होतं. चोइथराम मंडीत पेटी घेतलीत तर स्वस्त पडतं पण पेटीत वरचा थर छान आणि खालचा दाबलेला असू शकतो, म्हणून दोन घरं मिळून घेणार असाल तरच पेटी घ्या, नाहीतर ठेल्यावरून निवडून घेतलेलं बरं. हा माल हिमाचल आणि उत्तराखंडातून येतो, सिरमौर जिल्ह्यातलं राजगढ आडूसाठी प्रसिद्ध आहे, नैनीतालकडचा रामगढ-मुक्तेश्वर पट्टाही, आणि चेरी काश्मीर नाहीतर शिमल्याच्या वरच्या भागातून. इतक्या लांबून यायचं म्हणून फळ जरा कडकच तोडतात, त्यामुळे ठेल्यावरचा आडू लाल दिसला म्हणजे पिकलेलाच असेल असं नाही. आडूचा लाल रंग हा उन्हाचा असतो, जातीचा असतो, पिकल्याचा नसतो. बघायचं ते लालीच्या मधल्या जागेकडे, आणि देठाच्या खळग्याभोवती, तिथे हिरवट झाक असेल तर फळ अजून कच्चं आहे, पिवळसर झालं असेल तर तयार. मग नाकाशी धरा, वास आला पाहिजे. ठेलेवाले भैया "दीदी, एकदम मीठा है" म्हणतातच, तुम्ही म्हणा "भैया, एक काट के दिखाओ", कापल्यावर दोन गोष्टी कळतात, गोडी आणि बी सुटते की नाही. काही आडूंची बी गराला घट्ट चिकटलेली असते, काहींची अर्ध्यात पिळलं की टुण्णकन सुटते. कॉबलरला सुटणारी बी हवी, चिकटी असेल तर अर्धा गर बीसोबतच जातो आणि डोकं फिरतं ते वेगळं.

घरी आणल्यावर कडक फळं फ्रीजमध्ये टाकू नका, प्लीज. आडू आणि आलूबुखारा तोडल्यावरसुद्धा पिकत राहतात, कागदाच्या पिशवीत किंवा वर्तमानपत्रात गुंडाळून, हवं तर सोबत एक केळं ठेवून, आपल्या जूनच्या उकाड्यात दीड-दोन दिवसात तयार होतात. कडक असतानाच फ्रीजच्या गारठ्यात गेले की पिकायची क्रिया मध्येच बिघडते आणि नंतर बाहेर काढून कितीही ठेवलं तरी गर पिठूळ, कोरडा लागतो, रस नाही, चव नाही. कधीकधी विकत आणलेला आडूच असा निघतो, तो कोल्ड स्टोरेजचा परिणाम असतो. पिकल्यावर मात्र खुशाल फ्रीजमध्ये ठेवा. चेरीचं उलटं आहे, ती तोडली की तिथेच थांबते, पुढे पिकत नाही, म्हणून घेतानाच गडद आणि हिरवा देठ असलेली घ्यायची आणि आणल्या आणल्या फ्रीजमध्ये.

कुठलं फळ किती, तर माझं ठरलेलं प्रमाण आहे, ६०० ग्रॅम आडू आणि ४०० ग्रॅम आलूबुखारा. नुसता आडू शिजला की गोड-गोड होऊन चव सपाट होते, आलूबुखाऱ्याचा आंबटपणा आणि तो गडद रंग त्याला उचलून धरतो. नुसता आलूबुखारा केलात तर साखर भरपूर लागते, पण ज्यांना आंबटगोड आवडतं त्यांनी तसाच करावा, रंग असा येतो की पाहत राहावं. खुबानी मिळाली तर सोडू नका, शिजल्यावर तिची चव कच्चीपेक्षा दुप्पट होते. वर्षभर मिळणारी सुकी खुबानी, म्हणजे आपलं जर्दाळू, भिजवून मूठभर घातलं तरी आडूची चव एकदम भरते. आंब्याचं विचाराल तर आंबाही कोयवाला, म्हणजे याच पठडीत बसतो, लंगडा किंवा दशहरी जरा कडक असतानाच घेऊन आलूबुखाऱ्यासोबत अर्धा-अर्धा घातला तर मस्त होतो. हापूस मात्र यात घालू नये असं मला मनापासून वाटतं, शिजवल्यावर त्याचा सुगंध जातो आणि पैसे वाया. टिनमधले पीच नकोत, पाकातले असतात, शिजलेलेच असतात, परत शिजवलं की लगदा.

आडूची सालं काढायची, आलूबुखाऱ्याची आणि खुबानीची नाही. आडूचं साल शिजून सुटतं आणि तोंडात दोऱ्यासारखं येतं, आलूबुखाऱ्याचं मात्र विरघळल्यासारखं होतं आणि सगळा रंग आणि आंबटपणा त्या सालातच असतो. सालं काढायला सोलाणं घेऊ नका, रस गळतो. पातेल्यात पाणी उकळा, प्रत्येक आडूच्या टोकाशी सुरीने फुलीची चीर द्या, उकळत्या पाण्यात ३० ते ४० सेकंद, जरा कडक असेल तर मिनिटभर, लगेच बर्फाच्या पाण्यात. चिरेपाशी साल आपोआप मुडपून वर येतं, तिथे अंगठा घालून ओढलं की पूर्ण सोलून निघतं आणि आत ओला, केशरी-पिवळा गर, आणि सालाखाली जिथे लाली होती तिथे गुलाबी छटा तशीच उतरलेली. साल निघत नसेल तर फळ कच्चं आहे, अजून एक दिवस ठेवा. मग बोटाएवढ्या जाडीच्या फोडी करा, फार पातळ नकोत, एका आडूच्या साधारण आठ. आलूबुखाऱ्याचे चार किंवा सहा. चेरी असेल तर बिया काढून अख्ख्या.

बियांबद्दल एक सांगणं आहे आणि हे घरात लहान मुलं असतील तर नक्की लक्षात ठेवा. आडू, आलूबुखारा, खुबानीची बी फोडली की आत बदामासारखा दिसणारा गर निघतो, मुलांना फोडून खायची हौस असते. ही सगळी फळं बदामाच्याच कुळातली, पण हा गर बहुतेक वेळा कडू असतो आणि त्यात अमिग्डालिन असतं ज्याच्यापासून पोटात सायनाइड तयार होतं. चुकून अख्खी बी गिळली तर ती सहसा तशीच बाहेर पडते, पण फोडून, चावून, वाटून खायची नाही, आणि "वास छान येतो" म्हणून मिक्सरमध्ये तर अजिबात घालायची नाही. तो वास हवा असेल तर बदामाचे काप वर भुरभुरा, चव जुळते कारण नातेवाईकच आहेत.

आता फळ शिजवणं. चिरलेल्या फोडींवर १२० ग्रॅम साखर, म्हणजे अर्धा कप भरून आणि वर एक चमचा, फळ फार आंबट असेल तर १५० ग्रॅमपर्यंत, अर्ध्या लिंबाचा रस, चिमूटभर मीठ. हलवून वीस-पंचवीस मिनिटं ठेवून द्या, तेवढ्यात खाली अर्धा-पाऊण कप रस जमतो. हा रस गाळून छोट्या पातेल्यात घ्या, त्यातलाच दोन-तीन चमचे गार रस वाटीत काढून त्यात दोन टेबलस्पून सपाट कॉर्नफ्लोअर कालवा, गुठळी राहू देऊ नका, बाकीचा रस उकळी आला की हे त्यात घालून हलवत राहा. आधी पांढरट गढूळ दिसतं, मग मिनिटभरात एकदम पारदर्शक, चकचकीत आणि दाट होतं, तिथे थांबा. त्यात २० ग्रॅम बटर आणि सगळ्या फोडी घालून दोन मिनिटं गरम करा, शिजवू नका, ओव्हनमध्ये शिजायच्याच आहेत. कॉर्नफ्लोअर म्हणजे पांढरी शुभ्र, बोटात करकर वाजणारी ती पूड, सियागंजात किराणावाल्याला सांगताना नीट सांगा नाहीतर मक्याचं पिवळं पीठ बांधून देतील, त्याने रस असा पारदर्शक, दाट होत नाही. नुसता आलूबुखारा असेल तर दीड टेबलस्पून पुरतं, कारण त्यात पेक्टिन जास्त असतं, तो स्वतःच दाटतो.

मसाला एकच घाला. आडूला जायफळ, अगदी दोनदा किसणीवर घासून. आलूबुखाऱ्याला सुंठ किंवा दालचिनी. वेलची-जायफळ-दालचिनी-व्हॅनिला सगळं एकत्र घातलं तर फळाचीच चव कुठे जाते कळत नाही, आणि वर्षातून महिना-दीड महिना मिळणाऱ्या फळाची चव झाकायला हा खटाटोप आपण करत नाही आहोत.

भांडं काचेचं किंवा सिरॅमिकचं, ८ इंची चौकोनी किंवा साधारण दोन लिटरचं, स्टीलचं पसरट पातेलंही चालतं. ॲल्युमिनियमचा केकचा डबा नको, फळांच्या आंबटपणाने धातूची चव उतरते, अगदीच तोच असेल तर आत बटर पेपर लावा. लोखंडी कढईचंही तेच. भांड्यात फळं तीन चतुर्थांशपेक्षा वर जाऊ देऊ नका, उकळून बाहेर येतं आणि ओव्हनच्या तळाला साखर जळते.

ओव्हन १९० डिग्रीला, ओटीजी, म्हणजे छोटा विजेचा ओव्हन, असेल तर दोन्ही रॉड चालू, जाळी मधल्या कप्प्यात, दहा-बारा मिनिटं आधी तापवा. मग फळाचं भांडं एकटंच आत ठेवा, दहा मिनिटं, आणि या दहा मिनिटांत पीठ करायचं. हीच ती वेळ जिथे इंदूरचा जून आडवा येतो. पाऊस लागायच्या आधी किचनमध्ये उभं राहवत नाही एवढं गरम असतं, बटर पाकिटातून काढेपर्यंत मऊ पडतं, आणि मऊ बटर पिठात मिसळलं की गोळे फुगत नाहीत, पसरतात. पिठातले गार बटरचे तुकडे ओव्हनमध्ये वितळतात, बटरमधलं पाणी वाफ होऊन पिठाला उचलतं, आणि तिथे छोटे छोटे पदर सुटतात, म्हणून ते तुकडे शेवटपर्यंत तुकडेच राहायला हवेत. उपाय सोपा आहे, पण तयारी सकाळीच करायची. अमूल बटरची १०० ग्रॅमची वडी सकाळीच फ्रीजरमध्ये, मोजलेला मैदा डब्यासकट फ्रीजमध्ये, ताकही फ्रीजमध्ये. दुपारी बटर किसणीच्या मोठ्या भोकांवर किसायचं, वेष्टन अर्धं तसंच ठेवून धरायचं म्हणजे हाताची ऊब लागत नाही. पंखा बंद करू नका, गॅस बाजूला चालू असेल तर पीठ दुसऱ्या खोलीत टेबलावर कालवा, खरंच फरक पडतो.

प्रमाण असं, २०० ग्रॅम मैदा म्हणजे साधारण दीड कप आणि थोडा वर, ३ टेबलस्पून साखर, २ टीस्पून बेकिंग पावडर, पाव टीस्पून खायचा सोडा, किसलेलं गार बटर ८० ग्रॅम (वडीतलं उरलेलं २० ग्रॅम फळात गेलंच आहे, हिशोब बरोबर बसतो), आणि घट्ट गार ताक १५० मिली. अमूलचं बटर खारं असतं म्हणून वेगळं मीठ नको. ताक नसेल तर सांची डेअरीचं दही दोन भाग आणि पाणी एक भाग घुसळून घ्या, जरा आंबट झालेलं दही असेल तर उत्तम, सोड्याला आंबटपणा लागतोच. बेकिंग पावडर मागच्या पावसाळ्यापासून उघडी पडलेली असेल तर आधी तपासा, अर्धा चमचा गरम पाण्यात टाकली की जोरात फसफसली पाहिजे, गपचूप बसली तर फेकून द्या.

कोरडं सगळं एकत्र करून त्यात बटरचा कीस टाका, बोटांच्या टोकांनी फक्त मोकळा करा, चोळू नका, काही तुकडे वाटाण्याएवढे दिसले तर तसेच राहू द्या. मधे खळगा करून ताक एकदम ओता आणि काट्याने दहा-बारा वेळा फिरवा. बस. पीठ ओबडधोबड दिसेल, कुठेकुठे कोरडा मैदा दिसेल, हात शिवशिवतील मळायला कारण आपल्याला पोळ्यांची सवय, पण मळायचं नाही. मळलं की मैद्याला चिवटपणा येतो आणि गोळे रबरी होतात. कणीक वापरायची असेल तर निम्मी कणीक निम्मा मैदा आणि ताक दोन चमचे जास्त, पूर्ण कणकेचा जड होतो, मला आवडत नाही. बटरऐवजी तूप घालणाऱ्यांसाठी, तुपात पाणी नसतं म्हणून पदर सुटणार नाहीत, गोळा खुसखुशीत होईल पण फुगणार कमी, चव मात्र छान, गोठवलेलं साजूक तूप ६५ ग्रॅम घ्या.

आता ओव्हनमधून फळाचं भांडं काढा, कडेने बुडबुडे येत असले पाहिजेत, आणि भांडं ओल्या ओट्यावर ठेवू नका, काच तडकते, जाड कोरडा नॅपकिन किंवा पाट घ्या. लगेच मोठ्या चमच्याने आठ-नऊ गोळे टाका, एकमेकांत बोटभर जागा सोडून, वरून दाबू नका, गुळगुळीत करू नका, उंचसखल टोकंच जास्त छान भाजतात. जागा सोडणं महत्त्वाचं आहे, फळातली वाफ तिथून बाहेर पडते, पूर्ण झाकून टाकलंत तर ती वाफ पिठात शिरते. गोळे पडताना चर्र असा बारीक आवाज येतो, तो आला म्हणजे फळ पुरेसं गरम आहे. वरून एक चमचा जाडी साखर आणि बदामाचे काप भुरभुरा आणि भांडं परत आत.

३० ते ३५ मिनिटं. पहिली वीस मिनिटं दार उघडू नका. वरून सोनेरी झालं म्हणजे झालं असं समजू नका, दोन गोष्टी बघा, एक म्हणजे मधल्या भागातले, फक्त कडेचे नाही, बुडबुडे जाड आणि आळशी झाले पाहिजेत, भराभर फुटणारे पातळ बुडबुडे म्हणजे रस अजून पाणीदार आहे. दुसरं, मधला एक गोळा सुरीच्या टोकाने हळूच उचलून खालून पाहा, खालची बाजू ओलसर असली तरी स्पंजासारखी जाळीदार दिसली पाहिजे, चकचकीत पीठ दिसलं तर अजून पाच-सात मिनिटं. वरून जास्त रंग चढत असेल तर फॉइलचा तुकडा सैलसर ठेवा. मायक्रोवेव्हवाल्यांनी कन्व्हेक्शन मोडच लावायचा, खालचा स्टँड ठेवून, नुसत्या मायक्रोवेव्हवर हे होत नाही. आणि वादळी पावसाच्या संध्याकाळी लाइट गेली तर घाबरू नका, दार बंदच ठेवा, पाच-दहा मिनिटांत आली तर पुढे चालू, आतली ऊब टिकते.

ओव्हन नसेल तर कढईत. जाड बुडाच्या मोठ्या कढईत तळाला जाडं मीठ, त्यावर उंचशी तिवई, घट्ट झाकण, मध्यम आचेवर बारा-पंधरा मिनिटं तापवायची. भांडं स्टीलचंच, काच नाही. फळ गॅसवर चांगलं रटरटवून भांड्यात ओता, गोळे जरा लहान टाका, दहा-बारा, आणि मंद ते मध्यम आचेवर ४० ते ४५ मिनिटं. झाकणाला आतून साचलेलं पाणी गोळ्यांवर पडू नये म्हणून झाकण सुती कापडात बांधून घ्या, कापडाची टोकं वर गाठ मारून, आचेपासून लांब. वरून रंग येणार नाही, फिकटच राहील. त्यासाठी शेवटी लोखंडी तवा गॅसवर लाल होईस्तोवर तापवून, झाकण काढून, भांड्याच्या अगदी जवळ उपडा पाच मिनिटं ठेवा. कोकणात धोंडस करताना झाकणावर निखारे ठेवतात ते याचसाठी, वरून आच दिल्याशिवाय वरून भाजलं जात नाही. तवा धरताना जाड फडकं, आणि मुलांना किचनबाहेर काढा.

ज्यांना गार बटरचं हे सगळं जमणार नाही त्यांच्यासाठी दुसरा प्रकार आहे, अमेरिकेतच दक्षिणेकडे खूप करतात. भांड्यात ८०-१०० ग्रॅम बटर टाकून ओव्हनमध्ये वितळवायचं, एक कप मैदा, पाऊण कप साखर, दीड टीस्पून बेकिंग पावडर आणि एक कप दूध यांचं पातळ पीठ त्या बटरवर ओतायचं, हलवायचं नाही, वर गरम फळं चमच्याने पसरायची, तेही हलवायचं नाही, १८० डिग्रीवर ४५ ते ५० मिनिटं. पीठ खालून वर येतं आणि फळं बुडतात, कडा बटरमध्ये तळल्यासारख्या कुरकुरीत होतात. सोपा आहे, गोड जास्त आहे. मला गोळ्यांचाच आवडतो कारण आंबट फळ आणि कमी गोड पीठ वेगवेगळं लागतं.

बाहेर काढल्यावर किमान अर्धा तास थांबा. कॉर्नफ्लोअरचा रस गार होतानाच घट्ट होतो, उकळता वाढलात तर ताटात पळतो आणि जीभ भाजते. सोबत व्हॅनिला आइस्क्रीम सगळेच घेतात, पण घरी चक्का असेल तर बिनसाखरेचा गार चक्का एक चमचा ठेवून पाहा, आलूबुखाऱ्याच्या रसाबरोबर तो असा काही लागतो की आइस्क्रीम विसराल. गार घट्ट सायही छान. रबडी नको, गोडावर गोड होतं.

उरला तर पूर्ण गार झाल्यावर झाकून फ्रीजमध्ये, दोन दिवस, तिसऱ्या दिवशी गोळे खालून भिजून मऊ पडतात. गरम करताना मायक्रोवेव्ह नाही, ओटीजीत १६० डिग्रीवर दहा-बारा मिनिटं, फ्रीजमधून काढलेलं काचेचं भांडं थेट तापलेल्या ओव्हनमध्ये घालू नका, हवं तेवढं स्टीलच्या वाटीत काढून घ्या. आणि आलूबुखारा स्वस्त असेल तेव्हा दोन-तीन किलो जास्त आणून बिया काढून, फोडी ताटात सुट्या पसरून गोठवा, मग पिशवीत भरा, ऑगस्टमध्ये पावसाची झड लागली की फोडी गोठलेल्याच थेट पातेल्यात घेऊन साखर घालून गरम करायच्या, रस जास्त सुटतो म्हणून कॉर्नफ्लोअर अर्धा चमचा वाढवा, बाकी सगळं हेच.